ताईचा प्लग आणि माझी गैरहजेरी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा मान खाली घालून नमस्कार. (नमस्कारात मान खाली जातेच, पण या वेळी ती परत वर यायला तयार नाही.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा गुडघा जिना चढू देतो का? आई सत्कारापासून तुझ्याकडेच आहे, तेव्हा तिची तब्येत मी विचारणं म्हणजे घरातली बातमी पेपरात वाचण्यासारखं, पण तरी कळव. मी ठीक आहे. तसं कुणी विचारलेलं नाही, हेही खरं.

तुझ्या सत्काराला पहिल्या रांगेत आईशेजारची खुर्ची रिकामी का राहिली, ते सांगायला हे पत्र. सगळ्या विजेच्या गाड्यांना एकच प्लग असावा म्हणून तू आणि तुझ्या समितीनं इतकी वर्षं कंपन्यांशी डोकेफोड केलीत, त्याचा सत्कार; आणि तुझा सख्खा भाऊ तिथे पोचला नाही तो प्लग न बसल्यामुळे. हे वाचून भाऊजी हसतील. हसू देत.

जुन्या प्लगची गाडी घेऊ नकोस, पुढे तिला कुणी दारात उभं करणार नाही, असं तू मला फोनवर बजावलं होतंस. मी हो हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी तीच घेतली. (रंग फार छान होता. शिवाय विक्रेता इतक्या आदरानं बोलत होता. आपल्या घरात मला ती सवय नाही.) आजवर घरीच चार्ज करून भागवत होतो. नेमकं सत्काराच्या आदल्या दिवशी गाडी चार्जिंगला लावली आणि भिंतीवरचं बटण दाबायचंच राहिलं. सकाळी आई ठेवणीतले कपडे घालून गाडीत बसल्यावर ते लक्षात आलं. तिला काही बोललो नाही. म्हटलं, वाटेत चार्ज करू. बाजारातून आणलेला एक अडॅप्टर होता जवळ.

शहराबाहेरच्या स्टेशनवर एकच यंत्र चालू होतं आणि त्याला अर्थातच तुझा प्लग. मी मध्ये अडॅप्टर घातला, जोर लावला, खट्ट झालं, आणि सगळं एकमेकांत असं रुतून बसलं की वीज आत जाईना आणि प्लग बाहेर येईना. मागे रांग लागली. हॉर्न सुरू झाले. एका टॅक्सीवाल्यानं काच खाली करून विचारलं, "साहेब, काय चाललंय?"

इथून पुढचं लिहिताना हात जड होतोय. मी म्हणालो, "चाचणी चालू आहे. मी प्लगच्या समितीकडून आलोय."

का म्हणालो, देव जाणे. हॉर्न एकदम थांबले. माणसं खाली उतरली आणि अदबीनं माझ्याभोवती उभी राहिली. टॅक्सीवाला म्हणाला, केबल आखूड पडते. मी गंभीरपणे मान हलवून ती लांब करून देण्याचं कबूल केलं. एका फुलवालीला पावसासाठी छप्परही देऊन टाकलं. खरं सांगतो ताई, मला फार बरं वाटत होतं. मी बोलतोय आणि लोक ऐकतायत, असं कधी होत नाही.

मग रांगेच्या शेवटून एक बाई हातात पुष्पगुच्छ घेऊन आल्या. त्यांनी अडॅप्टर वाकून बघितला आणि शांतपणे विचारलं, "समितीत कुणाच्या हाताखाली?" मी तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं का. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. त्यांच्याच सत्काराला निघालेय."

आईनं गाडीचं दार उघडलं, पर्स उचलली आणि त्यांना विचारलं, "तुमच्या गाडीत एका म्हातारीपुरती जागा आहे?" जाताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू चाचणी पुरी कर."

एकेक करून सगळे दुसऱ्या स्टेशनकडे निघून गेले. टॅक्सीवाल्याला हे बोलणं ऐकू गेलं नसावं, कारण जाताना तो मला पाण्याची बाटली देऊन गेला. म्हणाला, "उन्हात उभं राहून आमच्यासाठी करताय." ताई, त्या बाईंपुढे लाज वाटली नाही इतकी ते पाणी पिताना वाटली. दुरुस्तीवाला येऊन प्लग सुटेपर्यंत तुझा सत्कार उरकला होता.

चुकलो. तुझ्या शेजारच्या टेबलालाही तसं सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. टॅक्सीवाल्याला तुझा नंबर दिला आहे. जमल्यास केबलचं बघ.

ता. क. आणखी एक. वरचं सगळं त्या बाईंनी तुला सांगितलं असणारच. पत्र खरं तर दुसऱ्याच कामासाठी आहे. आई फोनवर म्हणाली, तू भाषणात माझ्याबद्दल दोन वाक्यं बोललीस. कोणती ते सांगत नाही. ऐकायची होती तर यायचं होतंस, म्हणते. तेवढी लिहून पाठवशील का? वाईट असली तर चालतील. चांगली असली तर फार अवघड होईल, पण तरी पाठव.