गेमच्या कंपनीची खरड छाटणी

आई, तुला एका शेअरविषयी सांगायचं आहे. तू गेलीस त्याला दहा वर्षं होऊन गेली आणि एवढ्या काळात कुणाला तरी हाताला धरून बसवावं आणि सांगत सुटावं असं मला कधी वाटलं नव्हतं. गेला महिनाभर वाटतंय. अंबडला ऑफिसात ताळेबंद जुळवताना वाटतं, घरी येताना सिग्नलला स्कूटर थांबली की वाटतं. कंपनी मुंबईची आहे आणि ती गेम प्रकाशित करते, पुस्तकं प्रकाशित करतात तशी. म्हणजे कुणी गेम तयार करून आणला तर ती बाजारात आणते, आणि पुष्कळसे आपल्याच ऑफिसात पोरं बसवून तयार करते. शेजारच्यांकडे टीव्हीला जोडायचा एक डबा होता, त्यात एक माणूस उगाच उड्या मारत धावायचा आणि तू विचारायचीस, याच्या घरी कुणी वाट बघत नाही का, ते आठवतं? तसलेच खेळ. फक्त आता ते खिशातल्या फोनमध्ये असतात, आणि खिशातला फोन आता आपल्या भाजीवालीकडेसुद्धा आहे.

तुला मी अजून ओट्यापाशीच बघतो. कुकर उतरवलेला, पोळ्या झालेल्या, पदराला हात पुसून तू नव्या शेअर इश्यूचा फॉर्म पुढ्यात घेतलेला. नव्वदच्या दशकातले ते दिवस. मेन रोडवरच्या दुकानातून तू फॉर्मचा गठ्ठा आणायचीस आणि मला, नुकत्याच अकाउंट्समध्ये चिकटलेल्या तुझ्या बी.कॉम. मुलाला, समोर बसवून माहितीपत्रक वाचायला लावायचीस. तेही धोक्यांचा भाग आधी. "बारीक अक्षरातलं वाच. मोठ्या अक्षरात ते स्वतःचं कौतुक करतात." मी वाचायचो आणि प्रत्येक ओळीला हरकत घ्यायचो. कर्ज फार आहे, प्रवर्तक नवखे आहेत, जमीन अजून ताब्यात नाही. तू ऐकून घ्यायचीस, निम्मे फॉर्म बाजूला काढायचीस आणि उरलेले अशा उत्साहाने भरायचीस, की मला तुझी काळजी वाटायची. एकदा तू म्हणालीस, "तुला हिशेब येतो रे, पण तुला हौस नाही." मला ते लागलं होतं. मी पुढच्या फॉर्मचे धोके वाचायला घेतले.

गंमत म्हणजे पुढे तेच माझं काम झालं. आम्ही आठजण दर महिन्याला थोडे थोडे पैसे एकत्र करतो आणि त्यातून शेअर घेतो. गंगापूर रोडला एक दातांच्या डॉक्टर आहेत, त्यांच्या दवाखान्यात रविवारी सकाळी, पेशंटच्या खुर्च्यांवर बसून, मिसळीचं पार्सल मांडीवर घेऊन आमची सभा चालते. नियम असा, की एकाने कंपनी मांडायची आणि बाकी सगळ्यांनी हो म्हटलं तरच घ्यायची. एकाचाही नकार आला तर ती कायमची बाद. मांडणाऱ्याने स्वतःचं मत शेवटी द्यायचं, कारण तोवर त्याचंही मन बदललेलं असू शकतं. गट सुरू झाल्यापासून मी एकही कंपनी मांडलेली नव्हती. बाद मात्र पुष्कळ केल्या. मला तिथे नकारघंटा म्हणतात. एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. ते मला आल्याआल्या विचारतात, "आज कुणाचा बळी?" अशा माणसाने गेल्या महिन्यात हात वर करून सांगितलं, पुढच्या सभेत मी एक कंपनी मांडतो. खुर्च्यांमध्ये जो आवाज झाला त्याला मी हशा म्हणणार नाही, पण जवळपास तोच होता.

सुरुवात तुझ्या सुनेच्या फोनमुळे झाली. तिच्या फोनमधले पैसे भराभर संपत होते. मी फोन कंपनीला तक्रार करायला बसलो, तर ती शांतपणे म्हणाली, "अहो, मी क्रिकेटचा गेम घेतलाय. शाळेत स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्याच खेळतो." मी म्हटलं, पैसे पडले ना? तर म्हणाली, "पैसे नाही, बॅलन्समधून गेले." मी गेम उघडून बघितला. सुरुवातीला क्षणभर कंपनीचं नाव येतं आणि जातं. ते मी लिहून घेतलं. दोन दिवसांनी तिने विचारलं, माझी मॅच अर्धी होती, ती मोडून नवी कुणी सुरू केली?

नंतर कामासाठी पिंपळगावला गेलो होतो. द्राक्षं पेट्यांत भरतात त्या पॅकहाउससमोर टेम्पोंची रांग लागली होती आणि एक ड्रायव्हर स्टिअरिंगला टेकून तोच गेम खेळत होता. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, "लोडिंगला नंबर लागेस्तोवर करायचं काय? पत्ते खेळलं तर पैसे जात्यात. यात नाय जात." मी विचारलं, पण गेम विकत घ्यावा लागतो ना? तो माझ्याकडे, मी अगदीच अडाणी असल्यासारखं बघून म्हणाला, "ते बॅलन्समधून जात्यात, साहेब." आई, ते मी तिथेच रस्त्यावर लिहून घेतलं. शाळेतली बाई आणि टेम्पोचा ड्रायव्हर, दोघांचं एकच वाक्य. खिशातली नोट काढायला हात जड होतो, पण फोनमध्ये भरलेले पैसे लोकांना पैसे वाटतच नाहीत. हा धंदा त्या एका समजुतीवर उभा आहे. लगेच दुसरा विचार आला, की अशा समजुतीवर कमवावं का? त्या रात्री डायरीत मी दोन्ही बाजू लिहिल्या. माझं समाधान अर्धंच झालं. ड्रायव्हर रांगेत आनंदात होता, हे एवढंच मला नक्की माहीत होतं.

मग मी कंपनीकडून वार्षिक अहवाल मागवला. तोटा. आधीच्या वर्षी बरा नफा आणि या वर्षी तोटा. भाव पडलेला. ही कंपनी दुसऱ्या कुणी मांडली असती तर मी पहिल्याच पानावर बाद केली असती. पण मी बारीक अक्षरात गेलो. शेवटच्या पानांवरच्या टिपणांमध्ये सापडलं, की कंपनीने दोन मोठे गेम करायला घेतले आहेत, त्यासाठी पुष्कळ पोरं कामाला लावली आहेत, आणि त्यांचा सगळा पगार याच वर्षीच्या खर्चात टाकला आहे. तुला यात काय विशेष ते सांगतो. तयार न झालेल्या गेमवरचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवता येतो. बरेचजण तसं दाखवतात आणि नफा सुंदर दिसतो. यांनी तो मोह टाळला होता. जुने गेम मात्र करून तीन-चार वर्षं झाली तरी पैसे आणत होते, त्यांवर आता काही खर्च नव्हता. कर्ज जवळजवळ नाही. मी खुर्चीतून उठून घरात फेऱ्या मारायला लागलो. एखाद्या तोट्याच्या पानामुळे इतका आनंद होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

आणि फेऱ्या मारताना मला निफाडचा तो एप्रिल आठवला. मामाच्या द्राक्षबागेत आपण उभे आहोत. ऊन मी म्हणतंय. खरड छाटणी नुकतीच झालेली, म्हणजे एक पान नाही, एक काडी नाही, नुसते काळपट ओलांडे, वेलीचे आडवे जाड फाटे, तारांवर. नाशकाहून एक गृहस्थ भागीत बाग घ्यायला आलेले आहेत. ते बांधावरूनच बघतात, मामाला म्हणतात, इथे तर सगळंच गेलेलं दिसतंय, आणि टॉवेलने मान पुसत गाडीत जाऊन बसतात. मामा नुसता हसतो. "आत्ता काय बघतो भाऊ, आत्ता काय हाये तिथं?" मीही मनातून त्या गृहस्थांच्याच बाजूचा. मग तू पदर डोक्यावर घेऊन ओळीत शिरतेस, ओलांड्याला अंगठ्याचं नख लावून साल जराशी खरडतेस आणि मला बोलावतेस. आत हिरवं, ओलं. "लांबून छाटलेलं आणि वाळलेलं सारखंच दिसतं," तू म्हणतेस. "जवळ जाऊन बघायचं." त्या एप्रिलमध्ये फळ नसतं, फळाची काडी तयार होत असते, आणि ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर जे घड दिसतात ते याच उघड्या दिवसांत ठरलेले असतात, हे तू मला परत येताना एसटीत समजावलंस. मला वाटलं तू द्राक्षांविषयी बोलतेयस. घरी आल्यावर तू तोट्यातल्या एका कारखान्याचा अहवाल काढून बसलीस.

रविवारी मी हे सगळं मांडलं. बाग मात्र आधी काढली नाही. आधी धोके सांगितले, बारीक अक्षरातले. फोन कंपन्या प्रत्येक गेममागे मोठा वाटा स्वतःकडे ठेवतात आणि उरलेला द्यायला महिनेच्या महिने लावतात. निम्मं उत्पन्न दोनच फोन कंपन्यांकडून येतं. कंपनीचे काही गेम कॉम्प्युटरसाठी आहेत, त्यांच्या नकली सीड्या फुटपाथवर मिळतात. फोन दर वर्षी बदलतात आणि गेम पुन्हा नव्या फोनसाठी करावे लागतात. मिसळ निवत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही मांडताय का पाडताय?" तेव्हा मी नफ्यातोट्याचं पान काढलं, पगार कुठे गेलेत ते दाखवलं, बॅलन्सचं सांगितलं, आणि शेवटी बाग सांगितली. आवाज चढला होता, ते मला नंतर कळलं. एकेक करत सगळे हो म्हणाले. काका उरले.

काका बराच वेळ अहवाल चाळत राहिले. मग म्हणाले, "तुझी बाग पटली. पण वेल जागची हलत नाही. या कंपनीची फळाची काडी म्हणजे ती पोरं. उद्या दुसऱ्याने दोन हजार जास्त दिले तर उठून जातील. मग काय खरडशील?"

आई, महिनाभर मी प्रत्येक गोष्टीला नख लावून बघितलं आणि ही एवढी मोठी गोष्ट मला दिसली नव्हती, कारण मी बागेच्या प्रेमात पडलो होतो. हे मी तसंच्या तसं बोललो. मला माहीत नाही, म्हटलं, आणि हे शोधायचा रस्ताही मला सुचत नाही. वाटलं, गेली कंपनी हातातून. आणि तेव्हा मला कळलं की ही कंपनी मला किती हवी होती. पैशासाठी नव्हे, म्हणजे पैशासाठीही, पण त्याहून जास्त म्हणजे ते दोन गेम बाहेर येताना मला आतल्या बाजूला असायचं होतं.

काकांनी चष्मा काढला. "एवढ्या वर्षांत तुझ्याकडून 'माहीत नाही' पहिल्यांदा ऐकतोय. नाही म्हणायला तुला नेहमी कारण असायचं." मग म्हणाले, "माझा हो. पण दर तीन महिन्यांनी किती पोरं सोडून गेली ते कंपनीला फोन करून विचारायचं काम तुझं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता घंटा वाजवा." सगळे माझ्याकडे बघत होते. नियमाप्रमाणे माझं मत शेवटचं, आणि काकांच्या प्रश्नानंतर प्रामाणिक माणसाने थांबायला हवं होतं, हे मला त्या क्षणीही दिसत होतं. मी हो म्हणालो. कुणीतरी टाळी वाजवली आणि माझ्या पुढ्यातली गार मिसळ मी अशी खाल्ली की जणू सकाळपासून उपाशी होतो.

आज दलालाने शेअर घेतले. आता तुझ्यासारखं सर्टिफिकेट पोस्टाने येत नाही, कॉम्प्युटरवर आकडा दिसतो. हातात घ्यायला काहीच नाही, तुला ते मुळीच आवडलं नसतं. दिवसभर भाव बघायचा नाही असं मी ठरवलं होतं. जेवणाच्या सुट्टीआधीच बघितला आणि त्यानंतर मोजायचं सोडून दिलं. बाजार बंद होताना तो आमच्या खरेदीच्या थोडा खाली होता. स्कूटर काढताना मी शीळ घालत होतो, तेव्हा गेटवरच्या वॉचमनने विचारलं, साहेब, प्रमोशन झालं का?

हे डायरीतच राहील. काकांना किंवा डॉक्टरीणबाईंना दाखवता येणार नाही, कारण त्यांना मी एक सांगितलेलं नाही. माझी टिपणं सगळी खरी होती, पण हो म्हणताना मला त्यातलं एकही आठवत नव्हतं. आज भाव उतरला, आणि तरी मी मजेत आहे. हे मला समजत नाही, समजून घ्यायची घाईही नाही, आणि तुला म्हणून सांगतो, याचीच मला थोडी भीती वाटते.