माझ्या बॅटरीच्या इमानाबद्दल

वडगाव, बेळगाव
मंगळवार, दुपारची जेवणं झाल्यावर

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या रघूचा, गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? भैरवी रात्री तेल चोळून देते ना? नसेल देत तर मला कळव, तुझ्या सुनेला मी फोनवर रागावेन (ती हसेल, पण मी रागावेन). इकडे आम्ही ठीक. कल्याणीचा गुडघा आणि माझा गुडघा आळीपाळीने दुखतात, त्यामुळे घरात एक जण तरी उभा असतो.

फोन न करता पत्र का, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. शिवाय पत्राला चार्जिंग लागत नाही. भैरवीने तुझा निरोप पोचवला. येत्या शनिवारी आपल्या व्हिडिओ कॉलवरच्या कवितांच्या भेंड्या संपेपर्यंत माझा लॅपटॉप जिवंत राहिला तर ठीक, नाहीतर यापुढे दर शनिवारी तू शेजारच्या मालुबाईंबरोबर खेळणार. ("तिला बॅटरी-बिटरी काय लागत न्हाय, ती भिंतीपलीकडं ऱ्हात्या," हे तुझे शब्द तिने जसेच्या तसे सांगितले.) आक्का, मालुबाई चांगल्या बाई आहेत. पण पाचवीच्या पुस्तकातली एक तरी कविता त्यांना चालीवर येते का? गुंडू मास्तरांच्या हाताखाली आधी तू गेलीस, मागून मी गेलो. शाळेशेजारच्या वखारीतल्या तंबाखूचा वास खिडकीतून यायचा, सगळा वर्ग शिंकायचा, आणि शिंक आली तरी चाल मोडायची नाही असा मास्तरांचा दंडक. आजही तंबाखूचा वास आला की माझे ओठ आपोआप हलू लागतात. (परवा बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी तंबाखू मळली आणि मी दोन कडवी म्हणून मोकळा झालो. ते पुढच्याच थांब्याला उतरले.) त्या चालीत माझ्याबरोबर म्हणणारं माणूस आता तू एकटीच उरली आहेस. ते मालुबाईंना देऊन टाकू नकोस, एवढ्यासाठी हा खुलासा.

हे सगळं सुरू झालं त्या शनिवारी तू 'आषाढ'वर संपवलंस. (तू नेहमीच आषाढ, गाढ, नाहीतर चढ यांवर संपवतेस. हा योगायोग आहे असं मी आजवर मानत आलोय.) मी 'ढगांनो, जरा थांबा गच्चीवरी' अशी सुरुवात केली. तू विचारलंस, "कितवीच्या पुस्तकात हाय रं ही?" आणि नेमका त्याच क्षणी पडदा काळा झाला. नंतर फोन करून म्हणालीस, "तुझी बॅटरी लई शहाणी हाय रघ्या. ढ आला की बरोबर मरत्या." आक्का, ती म्हातारी आहे, लबाड नाही.

वायर लावूनच का बसत नाही, असं तू विचारशील. घरात बसलो तर शेजारचे यंत्रमाग. त्या खटखटाटात तुझ्या कवितेतला प्रत्येक तिसरा शब्द गळतो आणि उरलेल्याचा अर्थ भलताच लागतो. म्हणून गच्ची. गच्चीत प्लग नाही. जिन्यातून लांब वायर वर नेऊन पाहिली, पण ताणलेली कुठलीही गोष्ट दिसली की कल्याणीला ती कपड्यांची दोरी वाटते. तिने वायरीच्या जोडावर ओली साडी टाकली आणि घरातले दिवे गेले. तेव्हापासून वायर वर न्यायची नाही असा हुकूम आहे.

मग मी खडेबाजाराकडे भरमाच्या दुकानात गेलो. तो असली यंत्रं दुरुस्त करतो. त्याने लॅपटॉप उघडून पाहिला आणि म्हणाला, "आण्णा, बॅटरी लई जुनी हाय. हिच्या सायकली लई झाल्यात." मी त्याच्या हातातून लॅपटॉप काढून घेतला. कारण रोज सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून, सायकलच्या कॅरियरला बांधून मी वाचनालयात नेत होतो, आणि आमच्याकडचे रस्ते तुला माहीत आहेत. एवढ्या नाजूक जिवाला मी खड्ड्यांतून हादरवलं! तिथेच सायकल भरमाच्या दारात टाकली, रिक्षा केली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. रिक्षावाल्याला म्हटलं, बाबा, सावकाश घे, आधीच जीव राहिलेला नाही. त्याने पिशवीकडे बघून विचारलं, "मांजर हाय काय?" दुसऱ्या दिवशी सायकल आणायला पुन्हा रिक्षाने गेलो. आठवडाभर लॅपटॉपला सायकलचा वारासुद्धा लागू दिला नाही, तरी बॅटरी होती तिथेच. शेवटी धारवाडहून जावईबापूंचा फोन आला. (हा लॅपटॉप आमच्या सुहासनेच दिलेला.) सगळं ऐकून तो म्हणाला, "मामा, बॅटरी एकदा पूर्ण भरून पूर्ण रिकामी झाली की त्याला एक सायकल म्हणतात." आता असल्या गोष्टीला हे नाव कोणी ठेवलं असेल?

सुहासने मग पथ्यं सांगितली. ऐंशी टक्क्यांच्या वर भरायची नाही, विसाच्या खाली जाऊ द्यायची नाही, उन्हात ठेवायची नाही, पडद्याचा उजेड कमी ठेवायचा. ही सगळी पथ्यं मला डॉक्टरांनीही सांगितली आहेत, पण ती मी पाळत नाही. बॅटरीची मात्र पाळली. ऐंशी होईपर्यंत समोर बसून राहायचो आणि आकडा दिसला की धावत जाऊन वायर उपसायचो. कल्याणी म्हणाली, "इतकी वर्षं ह्या घरात दूध उतू जातंय, त्याला कधी असं धावला न्हाईसा." थंडाव्यासाठी लॅपटॉप पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला, त्यावर ती जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. उजेड इतका कमी केला की सुहासला लावून पाहिलं तेव्हा दहा मिनिटं मी त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत होतो.

आणखी एक अडचण तुला ठाऊक नाही. लॅपटॉप सुहासच्या कामातला, त्यामुळे सूचना सगळ्या कन्नडमध्ये येतात. बाजारातलं कन्नड मला पाण्यासारखं येतं, वांग्याच्या भावावरून मी तासभर भांडू शकतो, पण वाचायच्या बाबतीत मी अजून पहिलीत आहे. बॅटरी संपत आली की एक ओळ उमटते. मी बोट ठेवून सुरू करतो. 'बॅटरी' लागतं. मग 'कडिमे', म्हणजे कमी. मग 'इदे', म्हणजे आहे. या 'आहे'पर्यंत पोचेस्तोवर ती नसते.

पण आक्का, तपश्चर्या फळली! परवा रविवारी मी उचगावला एका बारशाला गेलो होतो. दिवसभर लॅपटॉप मिटलेला, कोणी हात लावला नाही. सोमवारी उघडून बसलो तर अर्धा तास झाला, तास झाला, बाई मरायचं नाव घेईना! पूर्वी वीस मिनिटांत डोळे मिटणारी ती, आता दोन तास टक्क जागी. मी कल्याणीला म्हटलं, बघ, यंत्रालासुद्धा एक दिवस निवांतपणा दिला की तरतरी येते. ती म्हणाली, "व्हय. माणसालाबी." फार समजूतदार बाई आहे.

तेव्हा शनिवारी संध्याकाळी सहाला मी गच्चीत तयार असेन. मालुबाईंना सांग, त्यांनी खुशाल ऐकायला बसावं, पण ऐकायलाच. तब्येतीला जप. भैरवीला आशीर्वाद.

तुझा,
रघू

ता. क. एक लहानशी गोष्ट राहिली. काल गच्चीत एकटाच सराव करताना मी स्वतःला 'ढ' दिला. काही सुचेना. पूर्वी अशा वेळी पडदा काळा व्हायचा आणि माणसाची अब्रू राहायची. काल बॅटरी सत्तर टक्के होती, आणि तिचा तो हिरवा दिवा माझ्याकडे बघत होता. ण आणि ळ आपण सोडतोच, तसाच यापुढे ढही सोडावा अशी माझी नम्र विनंती आहे. ते जमत नसेल तर ढ वरच्या दोन-तीन ओळी भैरवीच्या फोनवरून आधी कळव. शनिवारी मी त्या आठवल्यासारखं करीन.

आणखी ता. क. आक्का, नमस्कार. मी कल्याणी. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय म्हणून लिहिते. हे उचगावला गेले त्या दिवशी मी भरमाला घरी बोलावून बॅटरी नवी बसवून घेतली. ह्यांना सांगू नका, पथ्यानं झालंय असं समजून खूश आहेत. शनिवारी हे वर गेले की घरात मी एकटी असते. टीव्ही माझा, खुर्ची माझी, चहा एकच करायचा. वीस मिनिटांत हे खाली यायचे, चहासुद्धा गार व्हायचा न्हाय. आता बॅटरी दोन तास चालते. तुम्ही मालुबाईंना घ्या, अख्ख्या गल्लीला घ्या, अक्षर कुठलंही द्या, पण आठाच्या आत ह्यांना खाली पाठवू नका.