कपाटाची कडी

प्रिय भिंगरी,

हे पत्र जिथे सापडलं तिथेच वाच, बाहेर नेऊ नकोस. घरी दिलं असतं तर तू ते नाटकाच्या सरांना दाखवलं असतंस. हल्ली तू सगळंच त्यांना दाखवतेस. ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा कर. शाळेत मी टिकलो थोडाच, त्यातही निम्मा वेळ बाकाचे पाय का हलतात ते बघण्यात गेला.

तुझ्या खोकल्याचं औषध खिडकीत तसंच पडून आहे. स्वेटर धुतला, पण उसवलेली बाही मला शिवता येईना. लाकडाची असती तर खिळा मारला असता. परवा मी जिन्यात घसरलो, तो गुडघा आता बरा आहे. तू विचारलं नाहीस म्हणून सांगतो. म्हणजे विचारलंस, पण वेगळंच. मी पायरीवर गुडघा धरून बसलो होतो आणि तू वाकून माझ्या तोंडाकडे बघत होतीस. म्हणालीस, "आजोबा, पुन्हा करा ना. ओठ कसा वाकडा झाला होता?" मी केला, गं. तुला हवा होता म्हणून पुन्हा वाकडा केला. मग खोलीत येऊन एकटाच गुडघ्याला तेल चोळत बसलो.

सरांना मी वाईट म्हणत नाही. तू शाळा बुडवून नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर एकटी बसायचीस, तेव्हा मी आत पडद्यामागे ठोकाठोकी करत होतो आणि मला पत्ताही नव्हता. तुला आत बोलावलं ते त्यांनी. तू तालमीत पहिल्यांदा मोठ्याने बोललीस, तेव्हा मी हातोडी खाली ठेवून डोळे पुसले होते. तुझी आई गेल्यापासून तुझा आवाज असा निघालाच नव्हता. सरांची खुर्ची डगमगत होती, ती मी त्याच दिवशी फुकट नीट करून दिली. माणूस मनापासून शिकवतो, हे मला दिसतं. म्हणून तर बोलायची चोरी होते. उद्धट असता तर दोन शब्द सुनावले असते.

पण तू त्यांना त्या दिवसाचं सांगितलंस. आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, आणि तू बघायला नको म्हणून शेजारच्या काकूंनी तुला त्यांच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली होती. तू दार ठोठावत राहिलीस. हे ऐकून सर रडले म्हणे. रडले असतील. पण रडून झाल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, मिस्त्री, नाटकाला एक कपाट हवं, बाहेरून कडी लागणारं, आणि कडी खरी हवी. मी म्हटलं, रंगमंचावर खरी कडी लावत नाहीत. ते हसले. म्हणाले, "तिची जखम हेच तिचं भांडवल आहे, मिस्त्री. ती भरू द्यायची नाही."

तेव्हापासून रोज तालमीआधी तू त्या कपाटात बसतेस. पुरेशी घाबरलीस असं सरांना वाटलं की ते कडी काढतात आणि तू थरथरत उजेडात येतेस. सगळे टाळ्या वाजवतात. मला तर बघवत नाही. घरी तू दार लावून आरशासमोर रडतेस आणि मधेच थांबून बघतेस, नीट जमलं का. तुझ्या बाबांना बोटीवर फोन केला, तर ते म्हणाले, पोरगी कशात तरी रमली आहे, तुम्ही उगाच जीव टांगणीला लावून घेता. सरांना हात जोडले, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकदा मीच कडी काढून तुला ओढून बाहेर आणलं, तर तू माझ्याशी बोलणंच टाकलंस, आणि पुन्हा मधे पडलात तर सरांकडे राहायला जाईन अशी चिठ्ठी उशाशी ठेवलीस. मी कुणीकडून येऊ, सांग. जिकडे जावं तिकडे दार बंद.

आता खरं सांगतो. ती कडी खोटी आहे. माझ्या गुरूने मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, नाटकातलं प्रत्येक दार आतून धक्का दिला की उघडलं पाहिजे, आग काही नाटक बघून लागत नाही. कडी लोखंडाची आहे, पण ती ज्या कोयंड्यात अडकते त्याचे स्क्रू मी कापून नुसती डोकी ठेवली आणि सगळं मेणाने चिकटवलं. सर कडी लावतात, पण दार कधी ओढून बघत नाहीत. मला वाटलं, माणूस कोंडला की आधी दार ढकलतो. पहिल्याच दिवशी तू ढकलशील, दार उघडेल, सगळे हसतील आणि हे खूळ संपेल. मी रोज समोर स्टूल टाकून कान लावून बसलो. तू रडलीस, आईला हाका मारल्यास, पण एकदाही दाराला हात लावला नाहीस. कडी काढायची ती सरांनीच, हे तू किती सहज धरून चाललीस.

काल कोयंडा हलताना सरांना दिसला. उद्या ते स्वतः नवा कोयंडा आणि कुलूप आणणार आहेत. म्हणून हे पत्र इथे कपाटात, जिथे सर येत नाहीत. तुझ्या डोक्यामागची फट मी सकाळी पटाशीने रुंद केली, वाचण्यापुरता उजेड यावा म्हणून. मी उघडणार नाही. मी उघडलं तर तू आणखी आत जाशील. आत बसायचंच असेल तर बैस, पण आता कुणी कोंडलंय असं म्हणू नकोस. नाहीतर आजच खांदा लाव, भिंगरी. फार जोर लागत नाही. कोयंडा खाली पडल्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन.

तुझाच,
दारासमोर बसलेला आजोबा