मोरूच्या बरगड्या

टेमघर, भिवंडी
१२ फेब्रुवारी २००६

ती. आक्कास,

केसरीनाथाचा वाकून नमस्कार. (वाकून हे कागदापुरतंच, प्रत्यक्षात पोट आडवं येतं, हे तुला ठाऊक आहे.) दाजींचा खोकला थांबला का? वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं दारात असून माणूस महिनाभर खोकतो, म्हणजे कमाल आहे. इकडे सगळं उत्तम. तुझा धाकटा भाऊ सध्या कुत्र्यांच्या आहारातला जाणकार झाला आहे.

मोरू म्हणजे आमचं ग्रेट डेनचं पिल्लू. वय सहा महिने. पिल्लू म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं, बाकी तो दारात बसला की पोस्टमन आमची पत्रं शेजारी देऊन जातो. आणला तेव्हाच मी ठरवलं, जात मोठी तर खुराकही तसाच हवा. रोज चार अंडी, मटण, दूध, वर कॅल्शियमच्या गोळ्या. दर रविवारी त्याला आपल्या पॉवरलूमच्या गाळ्यात नेऊन सूत तोलायच्या काट्यावर चढवायचो आणि काटा पुढे सरकला की कामगारांना चहा पाजायचो. आळीतले लोक म्हणायचे, काय अंग धरलंय! मूठभर मांस मलाच चढायचं. मग एके दिवशी ओटा चढताना मोरू मागच्या पायाने लंगडला.

अंबाडीच्या गुरांच्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि झापलं मला. मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढायला हवं, हाडं कोवळी असताना अंगावर चरबी चढवली तर सांधे जातात. हात फिरवला की बरगड्या लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं की कंबर दिसली पाहिजे. (हे सांगताना ते माझ्या कंबरेकडे का पाहत होते, कळलं नाही.) गोळ्या बंद, अंडी बंद, मोजून खाणं. नाहीतर मोरू जन्माचा अधू, असं तोंडावर सांगितलं.

मी त्याच दिवशी कारभार हाती घेतला. माप ठरवलं, डब्याला कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली. मोरूच्या गळ्यात पाटी अडकवली, 'मला खायला देऊ नये', खाली तेच हिंदीत. परिणाम असा, की लोक वाचायला जवळ येऊ लागले आणि आलोच आहोत म्हणून बिस्किट देऊ लागले. त्यांचाही बंदोबस्त केला. तरी तीन आठवडे झाले, बरगड्या काही हाताला लागत नाहीत. विनिता म्हणते, चोर घरातच आहे. बायकोच्या जातीला संशय फार. माझ्या कारभारात असं होणं शक्य नाही. तू निश्चिंत राहा.

तुझा,
केसरीनाथ

ता. क. चोर आपली माई आहे. हे मला आठवड्यापासून ठाऊक आहे, पण विनिता माझी पत्रं वाचते (वरचं तिचं वाचून झालं आहे) आणि तिचं खरं निघालं हे कबूल करणं जड जातं. माई ताटातली भाकर आणि सुकट मोरूला घालते. विचारलं तर म्हणाली, "आमचे घरान कोन उपाशी ऱ्हायला न्हाय. त्या डाक्टरला पन जेवाला बोलव." तेव्हा गुडघ्यांचं निमित्त करून तिला महिनाभर कुंडावर आंघोळीला बोलावून घे. पत्र खरं तर एवढ्यासाठीच होतं. मी सुचवलं हे सांगू नकोस.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. चष्मा विसरला म्हणून दुपारी घरी परतलो. माई ताटावर, समोर मोरू. एक घास त्याला, एक तिला. बाबा गेल्यापासून दोन घासांत ताट दूर सारणारी आपली माई, आक्का, अख्खी भाकर जेवली. मी चपला हातात घेऊन मागच्या मागे फिरलो. गाळ्यात जाऊन रडलो, लपवत नाही. तिला बोलावू नकोस.

ता. क. तिसरा, चार दिवसांनी. जेवणाच्या वेळी मोरूला मागच्या पडवीत बांधून तीन दिवस माईसमोर मी बसलो. ती दोन घासांत उठली, तिचं उरलेलं मी संपवलं. मोरूच्या बरगड्या लागू लागल्या आहेत, माईच्या नुसत्या दिसतात. माझ्याच्याने हे व्हायचं नाही, माझं पोट पाहून मी उपाशी आहे असं तिला कधी वाटायचं नाही. पत्र मिळेल त्या एस.टी.ने तू ये. माईसमोर बस, ती घालील तेवढं खा, आणि सासरी पोटभर मिळत नाही असं तिला सांग. दाजींची बदनामी होईल ती होऊ दे, माई जेवेल.