वाइप म्हणजे पुसणे

सोमवार, ३ नोव्हेंबर
सुपरवायझरच्या जागेसाठी परेशचंही नाव गेलंय. माझ्याहून अकरा वर्षांनी ज्युनियर, पण मॅनेजर एलिसा मॅडमचा इंग्रजी मेल सरळ वाचून दाखवतो. आम्ही औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवतो. झाकणांना कुठे इंग्रजी येतं? पण मॅडमपुढे कोण बोलणार. १७ला औषध कंपनीचं ऑडिट, मग निवड. निश्चय : रोज एक इंग्रजी क्रियापद, मुळापासून. चौदा दिवसांत चौदा. सुरुवात सोप्याने. वाइप म्हणजे पुसणे. दहा मिनिटांत संपलं.

मंगळवार, ४
संपलं नव्हतं. वाइप अप, वाइप डाउन, वाइप आउट. ऋतिका म्हणाली, बाबा, सांडलेलं वाइप अप, ओटा वाइप डाउन, आणि डायनासोर वाइप आउट झाले. मी म्हटलं, म्हणजे शेवटी पुसणंच. ती म्हणाली, हो ना, फडकं घेऊन कोण गेलं होतं?
दुसरं क्रियापद उद्या.

गुरुवार, ६
घर ते कारखाना, उमेळे ते गोखिवरे, रिक्षात पाठांतर. कॅन्टीनमध्ये परेशच्या शर्टावर चहा सांडला. मदतीला धावलो, इंग्रजीत : आय विल वाइप यू आउट. तो उठून लांबच्या टेबलावर बसला. दबदबा वाढतोय.

रविवार, ९
ऋतिका जुना फोन विकतेय. म्हणाली, आधी वाइप करते. मी ओलं फडकं दिलं. हसून लोळली. मग दाखवलं : सेटिंगमध्ये जाऊन आतलं सगळं नाहीसं करायचं, तेही वाइपच. हा अर्थ परेशला ठाऊक असणं शक्य नाही.

बुधवार, १२
अजून वाइपवरच. खोली महत्त्वाची, संख्या नाही. दर तासाची झाकणतपासणी मी फोटोसकट टॅबवर भरतो. ती दर शनिवारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चढवायची असते. सप्टेंबरपासून राहिलीय. आधी नवरात्र, मग दिवाळी, आता अभ्यास.

शनिवार, १५. सकाळी ९.१०
मॅडमचा मेल. फक्त मला! 'प्लीज वाइप द टॅब बिफोर मंडे.' परेश असता तर फडकं शोधत बसला असता.

९.२५
टॅब विचारतोय, 'इरेज एव्हरीथिंग?' इरेज माझ्या यादीत अकरावं आहे, पण संदर्भाने अर्थ लागला. यस.

९.४०
कोरा करकरीत. मॅडमना उत्तर : 'वाइप्ड. कम्प्लीटली.' त्यांनी अंगठा पाठवला. जागा माझीच.

सोमवार, १७. सकाळी ११.०५
ऑडिटरने सप्टेंबरमधल्या एका दिवसाची तपासणी मागितली. टॅब म्हणाला, 'वेलकम.'

११.०६
एसीचा आवाज केवढा येतो.

११.२०
मॅडमनी बाहेर बोलावलं. हळूच म्हणाल्या, दिवाकर, त्याच्यावर बोटांचे तेलकट डाग होते हो. डाग! मी म्हटलं, तेही गेलेत.

दुपारी १.३०
ऑडिटर न जेवता गेले. आमची निम्मी झाकणं त्यांच्याकडेच जातात. दुसरी पाळी बंद ठेवावी लागेल म्हणतात. पाळीतली माणसं माझ्याकडे बघतायत. चूक मेलची. मराठीत 'पुसा' लिहिलं असतं तर?

शुक्रवार, २१
औषध कंपनी महिन्याभराने पुन्हा येणार. तोवर दुसरी पाळी बंद. परेश सुपरवायझर झाला.
बायकोला आज सगळं सांगितलं. प्रेमलता म्हणाली, अहो, एवढं करायच्या आधी मॅडमना एकदा पुसायचं तरी! मी समजावलं, मॅडमना नाही, टॅब पुसायचा होता. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, पुसायचं म्हणजे विचारायचं हो, विचारायचं!
म्हणजे मराठीतही दोन अर्थ. नोंद केली.
खरंच, कारखान्यात आता मला कोणी पुसत नाही. चहालासुद्धा हाक मारत नाहीत. शेवटी परेशला, म्हणजे परेश सरांना, इंग्रजीत रीतसर तक्रार लिहिली : 'सर, इन द फॅक्टरी नोबडी वाइप्स मी.'
पाठवली.