मिठाच्या डब्यावरची चिठ्ठी

ता. ९, मंगळवार

प्रिय भावजी,
अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने घरी सगळे ठीक. तुम्हीही खुशाल असाल.

पार्सल काल पोचलं. इंग्रजीत गल्लत होणाऱ्या शब्दांचं पुस्तक एक, छापील किंमत एकशे साठ. लाल पेन्सिली दोन, बारा. चिकटवायच्या चिठ्ठ्यांचं पाकीट, वीस. वर टपालाचे अठ्ठेचाळीस. दोनशे चाळीस झाले की हो! मी शेजारच्या पाच मुलींना इंग्रजी शिकवते, हे ह्यांनीच कळवलं असणार. ह्यांच्या पोटात काही राहत नाही.

चिठ्ठ्या पाहिल्या आणि गलबलून आलं. सत्तावीस वर्षांपूर्वी मी मॅट्रिकला बसले, तेव्हा अशाच चिठ्ठ्या, शब्द लिहून, तुम्ही माझ्या मीठ-साखरेच्या डब्यांच्या झाकणांवर चिकटवल्या होत्या. ‘दिसायला सारखे, वहिनी, पण चुकलं की लगेच कळतं!’ स्टेशनरीत ई आला की वह्या-पेन्सिली, ए आला की जागचं न हलणारं. ॲडव्हाइस सी घालून लिहिला तर सल्ला, एस घालून लिहिला तर सल्ला देणं. भांडी घासता घासता पाठ झालं. एकदा झाकणं बदलली गेली आणि घरभर खारट चहा! सासूबाई कडाडल्या, ‘कोणाचा हा उपद्व्याप?’ झाकणं मी बदलली होती. तुम्ही म्हणालात, ‘माझा.’

तुमचंही परीक्षेचंच वर्ष होतं. मामंजींनी तुम्हाला दुसरं काही करायची बंदी घातली होती, म्हणून शिकवणी चोरून चालायची. निकाल लागला. मी पास, तुम्ही नापास. मामंजी सगळ्यांदेखत म्हणाले, ‘वहिनी घर सांभाळून पास झाली, आणि तू नुसता खातोस नि झोपतोस!’ मी तिथेच उभी होते. त्यांनी मला कसं जमलं विचारलं, तर मी म्हणाले, ‘देवाची कृपा.’

खोटं नव्हतं, भावजी. पण मी देवाच्या नावाआड लपले. महिन्याभरात तुम्ही लांबची नोकरी धरलीत, ते पुन्हा या घरी राहायला आला नाहीत.

आज कुठलाही फॉर्म भरताना माझा हात अडत नाही. पाच पोरी मला बाई म्हणतात. रोज दिवा लावताना देवाचे आभार मानते, तुमचे मानायचे राहूनच गेले. आज मानते, अगदी हात जोडून.

काल जेवताना घरात शिकवणी, झाकणं, सगळं सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, ‘मला तेव्हाच वाटलं होतं. चहा कसा करतात हे त्याला कुठे ठाऊक!’ मामंजी हात धुऊन आले, बराच वेळ चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, ‘पत्रात खाली जागा ठेव.’

ठेवली आहे. लिहितील ते मी वाचणार नाही. तसंच दुमडून पाकिटात घालीन.

उलट टपाली उत्तर पाठवा. मला नको, त्यांच्या नावाने पाठवा.

तुमची पहिली विद्यार्थिनी,
वहिनी