भाव पडला, विमल

मुलुंड (पूर्व)
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय विमल,

सप्रेम नमस्कार. गुडघे काय म्हणतायत? नाशिकला थंडी पडली असेल, मोजे घालत जा, तुझे पाय बघायला कोणी येत नाही. फोनच करणार होते. पण फोनवर तू रडतेस, मग मी रडते आणि कामाचं तसंच राहतं. म्हणून पत्र.

इथे सगळं ठीक. म्हणजे इथे आहेच कोण गं! सोळा घरांतली नऊ बंद. आपल्या पद्धतीप्रमाणे दिवाळीत बंद दारांपुढेही पणत्या लावल्या. पूर्वी एखादं दार असायचं, यंदा नऊ. तीन जिने चढून कंबरेची वाट लागली. तुझ्या दारापुढे मात्र दोन ठेवल्या.

निलेश एजंट परवा चहाला आला होता. म्हणतो, "मावशी, या गल्लीत विकणारे दहा आणि घेणारा एक. तुमची पिढी एकदम निघाली ना. मुलांना टॉवर पाहिजे. बिनलिफ्टची एवढी घरं घेणार कोण?" मी म्हटलं, "मेल्या, आम्ही अजून बसलोय इथे!" तेव्हा कुठे लाजला.

त्याच्यावर रागवायचं नाही असं मी ठरवलंय. सप्टेंबरात तळमजल्यावरचे गुरव काका गेले, ते तुला सांगितलं. कसे गेले ते नाही सांगितलं. मुलगा कतारहून यायला दुसरा दिवस उजाडला. आणि खांदा द्यायला बिल्डिंगमध्ये चौघे नाहीत! वॉचमन, इस्त्रीवाला आणि निलेश. चौथा म्हणून निलेशने रस्त्यावरचा रिक्षावाला थांबवला. त्या बिचाऱ्याने मीटर बंद केला आणि चप्पल काढून आला. मी गॅलरीत उभी होते. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

आता मुद्द्याचं लिहिते, नाहीतर पान संपेल.

सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेऊन आपण शब्द दिला होता, आठवतं? ठरल्या भावाच्या खाली कोणी विकायचं नाही, एकाने पाडला की सगळ्यांचा पडतो. सेक्रेटरी म्हणून तो शब्द मीच घ्यायला लावला. तो मीच मोडला. मी माझं घर विकलं, विमल. आठ लाखांनी खाली.

घेणारी क्षमा नर्स आहे, नवरा सम्यक शाळेत शिकवतो. पोर दीड वर्षांचं, जिन्यात बसून प्रत्येक पायरीला हाक मारतं. त्यांचं कर्ज ठरल्या भावाच्या आठ लाख अलीकडेच थांबत होतं. आता नोंदणी झाली, म्हणजे तुझ्या घराचाही भाव तोच. पोटच्या मुलाकडे, सिद्धेशकडे, तू हॉलमध्ये झोपतेस, पाहुणे उठेपर्यंत जागी बसतेस. इथलं घर विकून त्याच्या घरावर स्वतःची खोली बांधायचीय तुला. हे सगळं माहीत असून मी सही केली.

अजून आहे. इथवर आले तर तेही लिहिते. त्यांना आधी तुझंच घर आवडलं होतं. ओट्यापाशी ऊन येतं म्हणून क्षमा तिथेच उभी राहिली. तू गणपतीत मला म्हणालीस, "मिळेल त्या भावाला दे गं, कंटाळले." आणि मी तुला सांगितलं, कोणी बघायलाच येत नाही. खोटं बोलले. त्यांना म्हटलं, ते घर कमी होणार नाही, माझं घ्या.

का ते सांगते. तुझं घर गेलं असतं तर तू परत कशाला आली असतीस? चाळीस वर्षं माझी आमटी चाखायला तू होतीस. हे गेले तेव्हा महिनाभर माझ्या घरी झोपलीस. तू गेल्यापासून मी धड जेवत नाही. एकटीसाठी काय शिजवायचं?

दहा डिसेंबरला घराचा ताबा द्यायचाय. सगळ्यांना सांगितलंय, प्रांजलकडे पुण्याला जातेय. लेक न्यायला तयार आहे, जावई चांगला आहे. पण मला जायचं नाही.

विमल, तू घर विकू नकोस. परत ये. घर तुझं, पैसे माझे. बाई लावू, आजारपणाला क्षमा समोरच आहे. आधी सिद्धेशला विचार, तो दुखावेल असं काही करू नकोस. आणि तुला माझा राग आला असेल तर तसं सांग. आठ लाख मी भरून देईन, तुझी खोली होईल, आणि मी मुकाट्याने पुण्याला जाईन. पण एकदा तरी मला जवळ बसवून शिव्या दे गं.

माझी बोचकी बांधलेली आहेत. टेम्पोवाल्याला कुठे जायचं ते अजून सांगितलेलं नाही.

अजून सतरा दिवस तुझी शेजारीण,
सुलक्षणा